रंजनाचं काळीज

रंजना,

आज एमआरआयचं मशीन बंद आहे. ते थंड ठेवणारा हेलियम भरायला कंपनीचा इंजिनिअर आलाय, आतून पांढरे वाफारे निघतायत, आणि संध्याकाळपर्यंत एकही पेशंट घ्यायचा नाही. एरवी अशा दिवशी मी सुट्टी टाकते. आज मुद्दाम आले. घरी राहिले असते तर आई सारखी विचारत बसली असती, जेवतेस का, जरा पडतेस का. इथे कंट्रोल रूममध्ये कोणी काही विचारत नाही. काचेपलीकडे रिकामं टेबल दिसतंय, तेवढंच.

परवा तुझं दहावं झालं. तुझ्या सारसोळ्याहून परत येताना दहा मिनिटंही चालवेना म्हणून रिक्षा केली, तिच्यात डोळे मिटले ते थेट माझ्या बिल्डिंगखाली उघडले. रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली म्हणे. मला वाटत होतं, तू गेलीस की मी रडेन. रडू येत नाही, नुसती झोप येते. झोपून उठलं तरी दमल्यासारखंच वाटतं. इतकी वर्षं तुझ्या हृदयावर नजर ठेवून होते, आता नजर ठेवायला काही राहिलं नाही तर अंगानेच हात टेकलेत.

सगळ्यांनी तुझ्याबद्दल बोलून झालं. कोणी म्हणालं देवमाणूस होती, कोणी म्हणालं हट्टी होती. मला तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

पहिल्यांदा आलीस तेव्हा नवऱ्याच्या, दिलीपच्या खांद्यावर हात टाकून, दर चार पावलांना थांबत आलीस. तुझा मुलगा प्रथमेश तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि तो सासूकडे रडत असेल याचीच तुला काळजी होती. तुर्भ्याच्या एक्स्पोर्टच्या कारखान्यात तू शर्ट तपासायचं काम करायचीस, बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत उभी राहून. बाळंत झालीस आणि धाप लागायला लागली. गावातल्या डॉक्टरने दम्याच्या गोळ्या दिल्या. मग एक दिवस दुपारी जेवता जेवता तुला श्वासच घेता येईना. वाशीच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा कळलं की फुप्फुसात पाणी भरलंय, आणि दमा वगैरे काही नाही, हृदयाचा स्नायू सैल पडलाय. काही बायकांचा बाळंतपणाच्या सुमारास पडतो. का पडतो ते कोणालाच नीट ठाऊक नाही.

आमचं सेंटर तेव्हा नवीन होतं. मशीनमध्ये डोकी आणि पाठीचे मणके यायचे, हृदय कोणी पाठवायचं नाही. हृदयासाठी इको आहे ना, असं हार्टचे डॉक्टर म्हणायचे. आमचे डॉक्टर, देवधर सर, मात्र परदेशात शिकून आले होते आणि त्यांना हृदयाचंच वेड होतं. तुझा इको दोन ठिकाणी केला होता आणि दोन वेगळे आकडे आले होते. एक म्हणत होता हृदय निम्म्याने तरी काम करतंय, दुसरा म्हणत होता त्याच्याही निम्म्याने. इकोत बरगड्यांच्या फटीतून बघायचं असतं, तुझं चित्र धूसर येत होतं, आणि मग उरलेलं अंदाजाने भरायचं. म्हणून हार्टच्या डॉक्टरांनी तुला आमच्याकडे पाठवलं. सरांनी मला समजावून सांगितलं ते मी तुला सांगितलं: पावाचे काप करतात तसे आम्ही तुझ्या हृदयाचे वरपासून टोकापर्यंत काप घेणार, न कापता. प्रत्येक काप एका ठोक्यात कसा फुगतो नि कसा आवळतो त्याचा सिनेमा घेणार. मग प्रत्येक ठोक्याला किती रक्त आत आलं आणि किती बाहेर फेकलं, ते मोजणार. अंदाज नाही.

तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "दुखल का?"

"नाही. आवाज फार होतो."

"आवाजाला कोन भितं."

मंगळसूत्रावरून मात्र अडलं. तुझ्या सासूने, आयेने, निघताना बजावलं होतं की गळ्यातलं काढायचं नाही. मी सांगितलं की आत कुठलाही धातू चालत नाही. तू ते गळ्यातून काढलंस आणि माझ्या मनगटाला गुंडाळलंस. "तवर तू घाल ताई. तुजा लगीन झाला समज." तेव्हा माझी पस्तिशी जवळ आली होती आणि लग्नाचा विषय घरात बंद झाला होता. दुसरी कोणी असं बोलली असती तर मला राग आला असता. तुला एवढी धाप लागलेली असताना तू हसत होतीस, म्हणून मीही हसले, आणि आत जायच्या आधी ते टेबलाच्या खणात ठेवलं.

छातीवर वायरी चिकटवल्या, तुला आत सरकवलं, काचेमागे येऊन माईक हातात घेतला. श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा. तुला धरून ठेवता येत नव्हता. दुसऱ्यांदा बोलले तर उत्तरच नाही. मी घाबरून आत धावले तर तू झोपली होतीस! त्या खडखडाटात! उठवलं तर म्हणालीस, "बाच्या होरीचं मशीन असाच वाजं. मी त्याच्यावरच झोपाची." बापाच्या होडीवर वाढलेली तू. मग आम्ही श्वास धरायचं सोडून दिलं. प्रत्येक काप पुन्हा पुन्हा घेतला, तुझ्या श्वासाच्या मधल्या जागा शोधत. तासाभराचं काम सकाळ खाऊन गेलं. पण काप मिळाले.

पेशंटला चित्रं दाखवायची नसतात. म्हणजे टेक्निशियनने दाखवायची नसतात, ते डॉक्टरांचं काम. तू दारात उभी राहिलीस आणि हटलीच नाहीस. सर म्हणाले, येऊ दे तिला. त्यांनी स्क्रीनवर तो सिनेमा लावला. काळ्या पडद्यावर करड्या रंगाचं कडं, मध्ये पांढरं रक्त. चांगलं हृदय मूठ आवळावी तसं आवळतं. तुझं जेमतेम हलत होतं. सर काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तूच म्हणालीस,

"यो त दमलाय."

सर माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्या रिपोर्टात तो शब्द लिहिला नसेल. ते म्हणाले, "हो. दमलाय. औषधं देऊ, विश्रांती देऊ, बघू." तू स्क्रीनकडेच बघत होतीस. मग मान हलवलीस आणि म्हणालीस, "दमनारच. कोन इचारतो त्याला." सर हृदय म्हणायचे, रिपोर्टात डावा कप्पा असायचा, तू कायम कालीज म्हणायचीस. नंतर नंतर माझ्याही तोंडात तेच बसलं.

आपली ओळख वाढली ती तू दर सहा महिन्यांनी यायचीस म्हणून, आणि मी नेरूळला राहायचे म्हणून. तुझ्या गावापासून माझी बिल्डिंग चालत दहा मिनिटांवर. औषधाची चिठ्ठी वाचून घ्यायला म्हणून तू पहिल्यांदा घरी आलीस, मग निमित्त लागेनासं झालं. तुझं मीठ बंद होतं. कोळ्याच्या घरात मीठ बंद! आये तुझ्यासाठी वेगळं कालवण करायची, बिनमिठाचं, आणि स्वतःही तेच जेवायची, म्हणजे तुला वाईट वाटू नये. हे तिने कधी सांगितलं नाही, तूच एकदा बोलून गेलीस. त्याच आयेने तुझ्या काळजाची फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवली होती. उजेड आला की सगळे काप दिसायचे. शेजारणी येऊन बघून जायच्या. एकीने तर हातही जोडले.

दिलीप न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. चार चार दिवस घरी नसायचा. घरी असला की तुला खाली बसू देत नसे नि उठूही देत नसे. तू वैतागायचीस. "ताई, यो मना भिंतीवर टांगून ठेवल फिल्मसारका."

दोन वर्षांत ते कडं घट्ट व्हायला लागलं. मला आठवतंय, चौथ्या स्कॅनला मी माईकवर म्हटलं श्वास धरा, आणि तू धरलास. सगळा वेळ धरलास. स्क्रीनवर काप आला तो असा स्वच्छ की मी नकळत टाळी वाजवली. आकडा जवळजवळ सर्वसाधारण माणसाचा आला. सरांनी चहा मागवला. ज्यांना एमआरआय म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटायची ते हार्टचे डॉक्टर स्वतः येऊन चित्रं बघून गेले. मला वाटलं, संपलं. हे एक तरी नीट पार पडलं.

त्याच दिवशी, मशीनमधून उतरून चपला घालता घालता तू विचारलंस, "मंग आता दुसरा होऊ देऊ ना?"

सरांनी हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं ठरलं की आणखी एक तपासणी करायची. आत्तापर्यंत तुझं हृदय आम्ही आराम करताना बघितलं होतं. ओझं घेतल्यावर काय करतं ते बघितलंच नव्हतं. पोटात बाळ असलं की हृदयाला नऊ महिने जास्तीचं ओझं वाहावं लागतं. म्हणून शिरेतून एक औषध द्यायचं, ज्याने हृदय जिना चढल्यासारखं धावायला लागतं, आणि तेव्हा काप घ्यायचे.

त्या दिवशी हार्टचे डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे होते, सर आत तुझ्या उशाशी. औषध वाढवलं तसे ठोके वाढले. चांगला स्नायू अशा वेळी जास्त जोरात आवळतो, भिंत जाड होते, दिसतंच ते. तुझे ठोके धावत होते आणि भिंत तशीच्या तशी. जेवढं बसून आवळत होती तेवढंच. मी बटणं दाबत राहिले, पुढचा काप, पुढचा काप, वाटत होतं पुढच्या कापात तरी दिसेल. मागून हार्टचे डॉक्टर हळूच म्हणाले, "साठा नाही." म्हणजे वेळेला लागेल अशी राखीव ताकद नाही.

सरांनी तुला आणि दिलीपला बसवून सांगितलं. फार नीट सांगितलं, घाई केली नाही. स्नायू सुधारलाय, पण जेवढ्यास तेवढा. घरचं काम, थोडं चालणं, सगळं जमेल. दुसरं बाळंतपण झेपणार नाही. कदाचित त्यात जीव जाईल, कदाचित आत्ता कमावलंय ते सगळं जाईल. दिलीप लगेच म्हणाला, "नको सर. एक हाय ना. भरपूर झाला."

पुढच्या रविवारी तू मला गावाच्या जेट्टीवर घेऊन गेलीस. ओहोटी होती, होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. पलीकडे नव्या रस्त्यासाठी भराव चालला होता आणि डंपर एकामागून एक धूळ उडवत जात होते. तिथे बसून तू म्हणालीस,

"ताई, मना पोरगी पायजे."

"सरांनी काय सांगितलं ते कळलं ना तुला?"

"कललं. बसून राहिली त चालंल. पलाली त नाय चालनार."

"मग?"

"मंग काय. मना पोरगी पायजे."

मी विचारलं, आये मागे लागलीय का. तू हसलीस. "आयेला म्हायत झाला त मना दांड्यानं मारंल." दिलीपलाही नको होतं. कोणीच तुझ्यावर जोर करत नव्हतं. तिथेच तर माझी पंचाईत होती. कोणी जोर केला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. मी म्हटलं, आणि परत मुलगाच झाला तर? तू म्हणालीस, "मंग तो पन वाडंल."

मग तू सांगितलंस ते मला आधी माहीत नव्हतं. पाच भावांत तू एकटी. आई लहानपणी गेली. घरात बाईमाणूस तूच, चुलीपाशी तूच, पाण्याला तूच. "माजी येनी कोनी घातली नाय ताई. बा घालाचा, त्याला जमाची नाय. मी शालंत तशीच जाची. मना कोनाची तरी येनी घालाची हाय."

एवढंच कारण. मला ते कारण तेव्हा कारण वाटलंच नाही. मी चिडले. म्हटलं, वेणीसाठी मरणार आहेस का? पदरात एक पोर आहे, त्याला कोण बघणार? मी तुझं काळीज बघितलंय रंजना, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यात ताकद नाही.

तू माझ्याकडे वळून बघितलंस. आवाज चढवला नाहीस.

"तू बगितलंस म्हनून तुजा झाला का?"

तू उठलीस, साडीची माती झटकलीस, आणि घरी जाऊन मला चहा दिलास, साखर बरोबर घालून.

पाचवा महिना सरत आला तेव्हा तू सांगितलंस. मला, दिलीपला, आयेला, सगळ्यांना एकाच आठवड्यात. तोवर औषधं बदलून द्यायला उशीर झाला होता, पोट पाडायलाही. हार्टचे डॉक्टर तुझ्यावर ओरडले. सर ओरडले नाहीत, त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "बरं. आता हेच आहे तर हेच."

आता माझ्या हाती काहीच नव्हतं. पोटात बाळ असताना सर तुला मशीनमध्ये घ्यायला तयार नव्हते, इको होत होते, ते पुरेसे होते. जिच्या हृदयाचा काप न् काप मी ओळखत होते तिच्याकडे मला आता बाहेरूनच बघावं लागणार होतं, बाकीच्यांसारखं. मी रविवारी यायचे, सूज बघायला तुझ्या घोट्यावर अंगठा दाबायचे आणि खळगा किती वेळ राहतो ते बघायचे. तू म्हणायचीस, "मशीन सोडला, आता अंगठ्यानं फोटू काडतंस काय?" आपण त्या विषयावर परत बोललो नाही. बोलून उपयोगही नव्हता. मी तुझ्यासाठी पेरू घेऊन यायचे. तू उशांना टेकून बसून खायचीस, कारण आडवं पडलं की धाप लागायची.

आठव्या महिन्यात खाडीपलीकडे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी झाली. एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि तुला कृत्रिम श्वासावर. त्या दिवसांत एकदा दिलीप आमच्या सेंटरला आला. ट्रेलर तसाच रस्त्याला लावून आला होता, दाढी वाढलेली. रिसेप्शनला थांबला नाही, सरळ आत आला आणि मला म्हणाला,

"ताई, तिला परत या मशीनमधी टाकू या ना. मागच्या येलेला टाकलेलं तवा बरी झाली व्हती."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की मशीन तुला बरं करतंय. दर वेळी तू आत जायचीस आणि दर वेळी थोडी बरी होऊन यायचीस, त्याची तरी काय चूक. मी त्याला खुर्चीत बसवलं. म्हटलं, "दिलीप, हे मशीन फक्त बघतं रे. बरं केलं ते गोळ्यांनी, आणि तिनं तिचं." तो मशीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "नुसता बगतं?" आणि उठून गेला.

तू वाचलीस. डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. हडकुळी होऊन घरी आलीस, मागोमाग पेटीतून पोरगी आली, मयुरी. काही महिन्यांनी सरांनी तुला शेवटचं मशीनमध्ये घेतलं. शेवटचं हे तेव्हा कोणी म्हटलं नाही. तुला सपाट झोपता येत नव्हतं, मी जेवढ्या बसतील तेवढ्या उशा घातल्या. श्वास धरायचा प्रश्नच नव्हता. एकेक काप येत होता तो हललेला, पुसट. हृदय छातीभर पसरलं होतं आणि भिंत इतकी पातळ की रक्त कुठे संपतं नि ती कुठे सुरू होते ते कळेना. सर म्हणाले, "शुभा, पुरे. बंद कर." मी माईकवर तुला सांगितलं की झालं, बाहेर घेते. आतून तुझा आवाज आला,

"थांबू नको. येक तरी फोटू नीट येऊंदे. परत परत कोन येतं."

आणि एक आला. एकच काप, मधला. सरांनी तो मोजला. आकडा मी इथे लिहीत नाही. हृदय बदलायच्या ऑपरेशनची त्यांनी चौकशी केली. आपल्याकडे ते तेव्हा नुकतं कुठे कुठे व्हायला लागलं होतं, तुझ्यापर्यंत पोचण्यासारखं नव्हतं. तुला त्यांनी टेबलाशेजारी स्टूल घेऊन खरं ते सांगितलं. तू विचारलंस, "पोरगी चालाय लागंल तवर?" सर म्हणाले, "प्रयत्न करू."

ती चालायला लागली. बोलायलाही लागली. दोन वर्षांहून जास्त काढलीस तू त्या एवढ्याशा स्नायूवर, आणि कशी काढलीस ते मला माहीत आहे, कारण मी बघत होते. सकाळची कामं दुपारी, दुपारची संध्याकाळी, काही दुसऱ्या दिवशी. न्हाणीतून बाहेर यायचं तर मध्ये स्टुलावर बसायचं. मयुरीच्या डोक्यावर केस धड नव्हते तेव्हापासून तू तिच्या वेण्या घालायचीस, दोन बोटांएवढ्या. हात वर धरून ठेवता यायचे नाहीत, मग एक वेणी घालून थांबायचीस, तिला तशीच अर्ध्या डोक्याची सोडायचीस, ती अंगणभर पळायची आणि दुसऱ्या वेणीसाठी परत यायची. मी समोर बसून बघायचे. कधी कधी मला तुझा इतका राग यायचा की उठून जावंसं वाटायचं. कधी कधी तिथून उठवतच नसे.

तू गेलीस त्या दुपारी मशीनमध्ये एक गृहस्थ होते. पाठीचं दुखणं, पण घाबरलेले, दर दोन मिनिटांनी हाका मारत होते. रिसेप्शनच्या मुलीने आत येऊन सांगितलं, सारसोळ्याच्या एसटीडी बूथवरून फोन आहे. मी समजले. फोन घेतला. आये म्हणाली, जेवून दारात उन्हाला बसली व्हती, मी भांडी घासून आले त तशीच बसलेली. मी हो म्हटलं, येते म्हटलं. मग परत काचेसमोर आले. त्या गृहस्थांना माईकवर म्हटलं, काका, हलू नका, थोडंच राहिलंय, श्वास नेहमीसारखा चालू दे. त्यांचा स्कॅन पूर्ण केला. एकही काप हलला नाही. मग चपला घातल्या.

तुला सांगायचं राहिलंय ते हे. मी आजवर किती हृदयं बघितली असतील. तुझ्यानंतर सरांकडे लोक पाठवायला लागले, आता आठवड्याला चार-पाच तरी असतात. कुठलं घट्ट, कुठलं ढिलं, कुठे भिंतीचा एक तुकडा मेलेला, ते मला आता पहिल्या कापातच कळतं. पण ज्याचं आहे तो माणूस आत पडून काय ठरवतोय, ते मला विचारायची सवय नव्हती. ती तू लावलीस. आता मी आधी दोन मिनिटं त्यांच्याशी बोलते. सर चिडवतात, शुभाची पोलीस चौकशी सुरू झाली म्हणून. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती.

आणि भांडणाचं म्हणशील तर ते तिथेच आहे. स्नायूबद्दल मी म्हणत होते तसंच झालं. प्रथमेश मोठा होईपर्यंतही तुला थांबता आलं नाही, तो सहा वर्षांचा आहे आणि माझ्याशी बोलत नाही, कोणाशीच बोलत नाही, होडीखाली जाऊन बसतो. त्याच्यासाठी मला अजून तुझ्याशी कडाकडा भांडायचंय. आणि तेवढ्यात मयुरी समोर येते. मी जिला नको म्हणत होते ती. तिच्यासमोर मी तो मुद्दा मांडू कसा, सांग.

परवा सगळे विधी आटोपले, माणसं पांगली. दिलीप भिंतीला टेकून बसला होता, प्रथमेश त्याच्या पायाशी. मी निघायला उठले. आये चुलीपाशी होती, कडेवर मयुरी किरकिरत होती. आयेनं मला जवळ बोलावलं.

"तू रंजीला नको नको बोलत व्हतीस ना?"

मी मान हलवली.

"मी पन बोलत व्हते," आये म्हणाली. "आयकली ती कोनाचं?" मग तिने मयुरीला कडेवरून काढून माझ्या हातात दिलं. "हिला धर जरा. मना भात उतरवायचा हाय."

मी परत खाली बसले. मयुरी जड झालीय ग. माझ्या पदराला नाक पुसलं, माझा चष्मा ओढला, तो उलटा घातला आणि सगळ्यांकडे वळून वळून बघत राहिली. प्रथमेशने तो चष्मा तिच्या नाकावर सरळ करून दिला. आये भात घेऊन आली आणि तिने विचारलं नाही, सरळ माझंही पान वाढलं.

इंजिनिअर आत काम आवरतोय. उद्यापासून पेशंट आहेत, पहिलाच हृदयाचा. रविवारी मी सारसोळ्याला जाणार आहे, प्रथमेशला शाळेसाठी दप्तर घ्यायचंय, त्याला बरोबर नेणार आहे, येतो का बघू. फार दमलेय रंजना. पण येते.

— शुभा